आधी मूड, की आधी सुई?

हाड मोडलं की एक्स-रेत दिसतं. मनाचं काय झालंय, ते कुठल्याच फिल्मवर येत नाही.

दोन वर्षांपूर्वी स्कूटरच्या अपघातात माझं मांडीचं हाड मोडलं. रॉड बसला, तीन महिने लॅब बंद. दुसऱ्या महिन्यात मी फोन उचलणं सोडलं, जेवण नकोसं झालं. 'हाड जुळतंय ना, मग रडतेस कशाला?' असं मीच स्वतःला दटावायचे.

पण गंभीर इजेनंतर नैराश्य येणं ही काही विरळा गोष्ट नाही. मेंदूला मार लागलेल्या ५५९ रुग्णांच्या सिएटलमधल्या अभ्यासात (२०१०) पहिल्याच वर्षात ५३ टक्के लोकांना नैराश्याने गाठलं होतं. तिथे इजा मेंदूलाच असते. पण मणक्याच्या इजेनंतरही साधारण पाचातल्या एकाला हा त्रास होतो.

यात छंद कुठे बसतो? अंथरुणाला खिळलं की दिवसातली आनंदाची, 'जमलं बुवा!' वाटण्याची कारणं एकदम आटतात. त्यामुळे मन खचतं, मन खचलं की आपण आणखी कमी करतो. हे चक्र कृतीच्या बाजूने तोडायचं, या उपचाराला 'बिहेवियरल अ‍ॅक्टिव्हेशन' म्हणतात. मूडची वाट न पाहता ठरलेल्या वेळी छोटं काम करायचं. इंग्लंडमध्ये ४४० नैराश्यग्रस्तांवर झालेल्या चाचणीत (२०१६) हा उपचार सीबीटीपेक्षा कमी पडला नाही.

चित्रं, विणकाम, मातीकाम इथे सोयीचं, कारण हातांनी केलेलं लगेच समोर दिसतं. आणि कला यायलाच हवी असं नाही. अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठात ३९ जणांनी ४५ मिनिटं माती, कोलाज, स्केचपेन यांच्याशी खेळ केला. सुमारे तीन चतुर्थांश जणांचं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी निगडित संप्रेरक, कमी झालं. सराव असण्या-नसण्याने फरक पडला नाही. मात्र ही माणसं निरोगी होती, तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. म्हणून 'चित्र काढा, नैराश्य पळवा' असं मी म्हणणार नाही.

माझ्या हातात आईने क्रोशाची सुई दिली. "रोज चार वाजता दहा साखळ्या घाल. आवडो न आवडो." पहिला आठवडा नुसता उसवण्यात गेला. मग एका दुपारी लक्षात आलं, मी चार वाजायची वाट बघतेय. सोबत मानसोपचारतज्ज्ञांच्या गोळ्याही चालू होत्या, श्रेय दोघांचं.

तुम्ही किंवा घरातलं कुणी अशा दुखण्यात असेल, तर काम इतकं छोटं ठरवा की वाईट दिवशीही होईल. वेळ नक्की करा. कसं झालं ते मोजू नका, केलं का एवढंच बघा. आणि उदासी दोन आठवडे हटत नसेल, तर डॉक्टरांना दाखवा. जगणं नको असे विचार येत असतील, तर मात्र थांबू नका: टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, चोवीस तास.

माझा पहिला रुमाल वाकडाच झालाय. चहाच्या कपाखाली रोज वापरते.