स्मरणशक्तीचे औषध आणि अभ्यासाचे वेळापत्रक

माघ-फाल्गुन आला की आपल्या चिकित्सालयांत आणि औषधी दुकानांत एक ठरावीक मागणी सुरू होते. दहावी-बारावीचा विद्यार्थी, सोबत चिंतातुर पालक आणि विनंती एकच : "वैद्यराज, याच्या काही लक्षात राहत नाही, ब्राह्मीचे काहीतरी द्या." परीक्षेला जेमतेम पंधरा-वीस दिवस उरलेले असतात. आपणही बहुधा सिरप किंवा घृत देतो आणि पुढच्या रुग्णाकडे वळतो.

काही वर्षांपूर्वी आम्हीही असेच केले. बारावीतला एक मुलगा डोकेदुखी, मलावष्टंभ आणि विस्मरण या तक्रारी घेऊन आला. आम्ही ब्राह्मीघृत दिले. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात तो परत आला, तो अधिकच थकलेला. तेव्हा कुठे आम्ही त्याची दिनचर्या विचारली. रात्री दोनपर्यंत चहावर चहा घेऊन वाचन, सकाळी नऊला उठणे, न्याहारी नाही, दुपारी जेवून झोप. एकेक धडा त्याने चार-चार वेळा वाचला होता. पुस्तक मिटून मात्र एकदाही आठवून पाहिला नव्हता. त्या वर्षी त्याचा एक विषय राहिला. निदानपंचकातील पहिलेच पद आम्ही विसरलो होतो. दोष घृताचा नव्हता, आमचा होता.

शास्त्राची दृष्टी

चरकसंहितेच्या शारीरस्थानात पहिल्याच अध्यायात स्मृती उत्पन्न होण्याची आठ कारणे सांगितली आहेत. त्यांत सत्त्वानुबंध म्हणजे मनाची एकाग्रता आहे, अभ्यास म्हणजे आवृत्ती आहे आणि पुनःश्रुत म्हणजे एकदा ऐकलेले पुन्हा ऐकणे आहे. या आठांत एकाही द्रव्याचे नाव नाही. मंडूकपर्णी, यष्टीमधु, गुडूची आणि शंखपुष्पी ही मेध्य रसायने चिकित्सास्थानात येतात. आणि रसायनाला शोधन हवे, काळही हवा. २००१ मध्ये ऑस्ट्रेलियात झालेल्या ब्राह्मीच्या एका चाचणीतही परिणाम दिसला तो १२ आठवड्यांच्या सेवनानंतर. पंधरा दिवसांच्या बाटलीकडून आपण कशाची अपेक्षा करतो?

विमानस्थानाच्या आठव्या अध्यायातील अध्ययनविधी तर वेळापत्रकच आहे. पहाटे उठावे, आन्हिके उरकावीत, स्वच्छ व सम जागी बसून अर्थ समजून घेत पुनःपुन्हा आवृत्ती करावी. मध्यान्ही, अपराह्णी व रात्रीही हाच क्रम ठेवावा. रात्रीचे अध्ययन म्हणजे जागरण नव्हे. जागरण रूक्ष आहे, हे सूत्रस्थान सांगतेच. सुश्रुताचार्यांनी अनध्यायाचे दिवसही नेमून दिले आहेत.

आधुनिक मानसशास्त्र याच वाटेने आले. एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये दाखविले की, अंतराअंतराने केलेली आवृत्ती एका बैठकीतील घोकंपट्टीपेक्षा अधिक टिकते. २००६ मध्ये रोडिगर व कार्पिक यांच्या प्रयोगात, वाचलेला उतारा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा तो न पाहता आठवून लिहिणाऱ्यांच्या एका आठवड्यानंतर अधिक लक्षात राहिला.

वेळापत्रक कसे द्यावे

त्या अनुभवानंतर आम्ही प्रत्येक विद्यार्थ्याला औषधाच्या चिठ्ठीमागे पुढील क्रम लिहून देतो :

१. निद्रा : रात्री साडेनऊ ते पहाटे साडेपाच. हिला हात लावायचा नाही.

२. पहाटे : शौच, मुखमार्जन झाल्यावर सर्वांत कठीण विषय. पाऊण तासाची एक बैठक, मग दहा मिनिटे डोळ्यांना विश्रांती; अशा दोन बैठका.

३. भोजनोत्तर : लगेच कठीण विषय घेऊ नये, वहीची मांडणी, आकृत्या अशी हलकी कामे करावीत. ग्रीष्माखेरीज दिवास्वाप टाळावा.

४. सायंकाळी : सकाळचे पुस्तक मिटून आठवेल तेवढे लिहावे. चुकलेले तेवढेच पुन्हा वाचावे.

५. आवृत्ती : शिकलेला धडा दुसऱ्या, चौथ्या व आठव्या दिवशी पुन्हा आठवून पाहावा.

६. आठवड्यातून अर्धा दिवस अनध्याय.

वेगधारण करून बसू नये, भूक मारू नये, हेही आम्ही तोंडी सांगतो. सारे वेळापत्रक एकदम अंगवळणी पडत नाही. कुपथ्य जसे क्रमाने सोडावयाचे, तसे झोपेची वेळ दर तीन-चार दिवसांनी अर्ध्या तासाने अलीकडे आणावी. पालकांनाही बजावावे लागते की, शेजारच्या मुलाचे वेळापत्रक आपल्या मुलाला लागू करू नये. प्रकृतीपरत्वे मात्रा बदलते.

वर उल्लेखिलेल्या मुलाने पुरवणी परीक्षेपूर्वी हाच क्रम पाळला आणि त्याचा विषय सुटला. एका उदाहरणावरून सिद्धांत मांडता येत नाही, हे आम्ही जाणतो. परंतु आमची चूक मात्र त्याने दाखवून दिली.

औषधी विक्रेत्या बंधूंना आमची एक विनंती आहे. परीक्षेच्या तोंडावर ब्राह्मी मागणाऱ्यास "किती वाजता झोपता?" एवढे अवश्य विचारावे. एखादी बाटली कमी खपेल. पण जून महिन्यात, वर्षाच्या आरंभी, तोच पालक रसायनासाठी विश्वासाने परत येईल. खरे तर रसायनाचा योग्य काळही तोच आहे.