भामचंद्राचा डोंगर पुसट का दिसतो?

पावसाची झड संपून उघडीप पडली, की चाकणच्या शिवारातून भामचंद्राचा डोंगर हात लावावा इतका जवळ वाटतो. पौष-माघात त्याच डोंगराची सकाळी नुसती राखी रेघ दिसते. आपण म्हणतो, "धुके पडले." पण ऊन वर आल्यावरही जे हटत नाही ते धुके नव्हे, धुरके. त्यात धूर, धूळ आणि काजळी यांचे कण असतात. यांपैकी बरेचसे केसाच्या जाडीच्या तिसाव्या भागाहूनही बारीक असतात.

हे कण उजेडाची वाट दोन तऱ्हांनी अडवतात, आणि त्या दोन्ही तऱ्हा आपल्या घरातल्याच आहेत. कौलाच्या फटीतून कवडसा पडला, की त्यात धूळ नाचताना बाजूने दिसते. याचा अर्थ धुळीने उजेड गिळला नाही, तो इकडेतिकडे उधळून दिला. कंदिलाच्या काचेवर काजळी धरली, की मात्र उजेड कमी होतो आणि काच तापते. काजळी उजेड गिळते व त्याची उष्णता करते. हवेतही हेच घडते. उधळणाऱ्या कणांमुळे उन्हाचा काही भाग आकाशात परत जातो. गिळणारे कण मात्र हवा तापवतात, आणि जमिनीच्या वाट्याचे ऊन तेवढे घटते.

आता हे मोजायचे कसे? नुसते वजन करून भागत नाही. 'सफर' या योजनेत २०१३ साली पुणे परिसरात केंद्रे उभी राहिली. भोसरी, निगडी आणि चाकणशेजारच्या आळंदीलाही ती होती. घनमीटरभर हवेत किती मायक्रोग्रॅम कण आहेत, हे अशा केंद्रांवरून कळते. पण एक ग्रॅम माती आणि एक ग्रॅम काजळी काट्यावर सारखीच भरली, तरी उन्हाच्या हिशेबात त्यांची बरोबरी होत नाही.

म्हणून दोन निरनिराळी यंत्रे लागतात. नेफेलोमीटर म्हणजे एक काळी बंद पेटी. तीत हवा ओढून घेतात, दिवा लावतात आणि बाजूला उधळलेला उजेड मोजतात. हा झाला कवडसाच. दुसरे एथॅलोमीटर. यात हवा गाळणीच्या कागदी फितीतून जाते, फितीवर काळा ठिपका धरतो, आणि त्यातून पलीकडे किती उजेड जातो यावरून काजळी काढतात. ठिपका फार काळा झाला की फीत आपोआप पुढे सरकते. शंभर भाग उजेड अडला, त्यांतले किती उधळले गेले आणि किती गिळले गेले, हा दोन्हींचा ताळा. १९९९ साली हिंदी महासागरावर मोठी मोहीम झाली. आपल्या भूमीवरून समुद्रावर गेलेल्या धुरक्यात तेव्हा सुमारे दहा भाग गिळले जात होते. दहा म्हणजे थोडे वाटतील, पण हवा तापते ती याच दहांनी.

पुण्यात पाषाणला भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्था आहे. तेथे १९८६ पासून लेसर किरण आकाशात सोडून कोणत्या उंचीवर किती कण आहेत हे पाहण्याचे काम सुरू झाले. २००४ मध्ये सूर्याचा माग घेणारे प्रकाशमापक यंत्रही बसले. अमेरिकेच्या 'नासा'ने जगभर उभारलेल्या अशा यंत्रांच्या जाळ्यातले ते एक ठाणे.

हे गिळणारे कण येतात कोठून? चाकणला कोणालाही विचारा, बोट कारखान्यांकडे जाईल, नाही तर पुणे-नाशिक आणि तळेगाव-शिक्रापूर रस्त्यांच्या चौकात अडकलेल्या मालमोटारींकडे. ते खोटे नाही. पण सिंहगडावरच्या एका कामाने आपल्यालाही आरसा दाखवला आहे. २००६ च्या जानेवारी ते मार्च या काळात गडावर, सुमारे १,३०० मीटर उंचीवर, हवेतले कण गोळा केले गेले. मालदीव बेटांवरही तेच झाले. स्वीडनचे ओर्यान गुस्ताफसन आणि सहकाऱ्यांनी त्या कणांतला किरणोत्सर्गी कार्बन तपासला. युक्ती साधी आहे. लाकूड, शेणी, पाचट यांत तो ताजा असतो. डिझेल आणि कोळसा कोट्यवधी वर्षे जमिनीत राहिल्याने त्यांतला तो केव्हाच संपलेला असतो. २००९ साली निष्कर्ष छापून आला. कार्बनयुक्त कणांपैकी सुमारे दोन तृतीयांश लाकूडफाटा व शेतातला पालापाचोळा जाळल्याने आलेले होते. निव्वळ काजळीतही हा वाटा, मोजण्याच्या रीतीप्रमाणे, निम्मा ते दोन तृतीयांश निघाला.

उंच गडावरची हवा दुरून मिसळून आलेली असते, तेव्हा चाकणच्या चौकाला हा आकडा जसाच्या तसा लावू नये. चौकात डिझेलचेच पारडे जड असायचे. पण वाडीवर संध्याकाळी चुलींचा धूर थराथराने तरंगतो, तिथे चौक दूरच असतो. थंडीत जमिनीलगतची हवा गार व जड, वरची उबदार. जणू झाकण बसते आणि धूर खालीच कोंडतो.

मायबहिणींना धुराचे दोन रंग ठाऊकच आहेत. ओले सरपण धुमसते तेव्हा पांढरा धूर येतो. तो मुख्यतः उजेड उधळतो. जाळ भडकून निघणारा काळा धूर उजेड गिळतो. डोळ्यांना आणि छातीला दोन्ही वाईटच. गॅस परवडत नसेल तेथे धुराडे आणि वाळलेले सरपण एवढे तरी पाहावेच.

उसाचे म्हणाल, तर खोडवा ठेवायचा असताना पाचट पेटवण्यात आपलेच सोने जळते. राहुरीच्या कृषी विद्यापीठाची शिफारस अशी, की पाचट सरीत दाबून त्यावर हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १० किलो पाचट कुजवणारे जिवाणूसंवर्धन टाकावे. मग पाणी द्यावे, आणि पाचट ओल्या मातीला टेकलेले राहील असे पाहावे.