इंजिन सीटखाली, ऊन डोक्यावर : गाडीतली गरमी येते कुठून आणि अडवायची कशी

आसगाव (ता. पवनी) : मे महिन्यात भर दुपारी इको नाहीतर छोट्या हत्तीत समोर बसून पवनी, भिवापूर, उमरेडमार्गे नागपूरला जाऊन पाहा. काचा खाली केल्या तर अंगावर झळ, वर केल्या तर भट्टी. उतरताना पाय शेकलेले असतात. सगळे जण उन्हाला दोष देतात, पण पायाला लागते ती बरीचशी गरमी उन्हाची नसते, सीटखालच्या इंजिनाची असते.

आपल्याकडे चालणाऱ्या बऱ्याच गाड्यांची बांधणीच तशी आहे. 1984 ची ओम्नी, 2005 मध्ये आलेला टाटा एस म्हणजे आपला छोटा हत्ती, 2010 ची इको, या सगळ्यांचं इंजिन समोरच्या सीटखाली. गाडी लांबीला आखूड राहते आणि मागे जागा मिळते, म्हणून कंपन्या असं करतात. ट्रॅव्हलरचं इंजिन पुढे असलं तरी त्याचा मागचा भाग ड्रायव्हरच्या बाजूला झाकणाखाली, म्हणजे केबिनमध्येच येतो. शेगाव-पंढरपूरच्या यात्रेला लोक याच गाड्यांत गाद्या टाकून निघतात, रात्री आतच झोपतात. शहरातले लोक ज्याला कॅम्पर व्हॅन म्हणतात, ती आपल्याकडे अशी असते!

चालू इंजिनातलं पाणी साधारण 90 अंशांवर असतं. तो बिघाड नाही, इंजिन त्याच गरमीवर नीट चालतं. जळालेला धूर ज्यातून बाहेर पडतो ते मॅनिफोल्ड तर कित्येक शे अंश तापतं. या गरमीला केबिनमध्ये यायला दोन वाटा आहेत. एक पत्र्यातून, दुसरी भोकांतून. बहुतेक जण पहिल्या वाटेवर खर्च करतात, जाडजूड मॅट टाकतात. आमच्या मते आधी भोकं पाहावीत. त्याला खर्च कमी आणि फरक लगेच कळतो.

भोकं शोधायची सोपी रीत अशी. रात्री, इंजिन पूर्ण थंड असताना, सीट उचलून इंजिनाजवळ एक चालू टॉर्च ठेवा. झाकण लावा, सीट खाली करा आणि अंधारात केबिनमध्ये बसा. जिथून उजेड दिसेल तिथून गरम हवा येते. झाकणाच्या कडेचं रबर दबलेलं, तुटलेलं असतं. गिअरच्या दांड्याचं रबरी बूट फाटलेलं असतं. पेडल, हँडब्रेकची केबल, वायरिंग जिथून आत येतं तिथलं रबर गळून पडलेलं असतं. कोणी टेपरेकॉर्डर बसवताना पाडलेलं भोक तसंच राहिलेलं असतं. हे सगळं नवीन रबर टाकून बंद होतं. टॉर्चऐवजी उदबत्ती किंवा काडी पेटवून पाहू नका, खाली पेट्रोल आहे.

गाडीत हीटर असेल तर तोही बघा. त्याचा खटका पूर्ण बंद होत नसेल तर भर उन्हाळ्यात गरम पाण्याची हवा पायावर येत राहते आणि माणूस समजतो एसी खराब झाला.

आता पत्रा. झाकणाच्या खालच्या बाजूला कंपनीने दिलेलं अस्तर असतं. जुन्या गाडीत ते तेलाने भिजून लोंबतं किंवा मिस्त्रीने काढून फेकलेलं असतं. तिथे चांदीसारखा पत्रा लावलेलं, आग न धरणारं अस्तर बसवा. चकचकीत बाजू इंजिनाकडे ठेवा आणि मधात बोटभर तरी मोकळी हवा राहू द्या. चमक गरमी परत फेकते ती मधात जागा असली तरच. अस्तर मॅनिफोल्डला किंवा सायलेंसरच्या पाइपला टेकलं तर चमकेचा काही उपयोग नाही, उलट धोका आहे.

आणि इथेच आपल्याकडे जुगाड होतो. जुन्या गादीचा फोम, बारदाना, थर्माकोल, स्लॅबवर टाकतात तो डांबरी पट्टा, जे हाती लागेल ते सीटखाली कोंबतात. डांबर वितळून वास मारतं. फोम आणि बारदाना तेल पितो आणि एक दिवस पेट घेतो. घेतलेलं अस्तर आग धरतं की नाही हे पाहायचं असेल तर त्याचा छोटा तुकडा गाडीपासून दूर नेऊन पेटवा. लायटर बाजूला केल्यावरही जळत राहिला, तर तो गाडीत नको. ओला बारदाना झाकणावर टाकणंही बंद करा. पाणी वायरिंगमध्ये उतरतं, पत्रा सडतो. बसायला रेक्झिनवर सुती सतरंजी टाकली तर घाम तरी जिरतो.

इंजिनच जास्त तापत असेल तर वरून कितीही अस्तर लावा, उपयोग नाही. उन्हाळी धान निघतो त्या दिवसांत रस्त्यावर तणस आणि भुसा उडतो, तो रेडिएटरच्या जाळीत बसतो. जाळी थंड असताना, इंजिनाच्या बाजूने बाहेर असं हलक्या धारेने पाणी मारून धुवा. जोरात मारलं तर पात्या वाकतात. रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी ओतायची सवय वाईट, त्यातले क्षार आत बसतात आणि पाणी फिरायची वाट अरुंद करतात. कंपनीने सांगितलेलं कूलंटच टाका. गरम रेडिएटरचं झाकण तर उघडूच नका. आत दाब असल्यामुळे पाणी 100 अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही, पण झाकण सैल होताच उसळून तोंडावर येतं.

चहाला थांबून परत बसल्यावर गाडी आधीपेक्षा जास्त तापलेली वाटते, तो भास नाही. इंजिन बंद केलं की पाणी फिरणं थांबतं आणि साठलेली गरमी वर चढते. थांबताना सावली पाहून दोन्हीकडचे दरवाजे उघडे ठेवा. इन्सुलिनसारखं औषध समोरच्या खणात किंवा सीटखाली ठेवू नका. लहान लेकराला इंजिनाच्या झाकणावर बसवून नेतात, तेही टाळा.

या सगळ्यांत जिवावरची गोष्ट वेगळीच आहे. ज्या भोकातून गरम हवा येते, त्यातूनच इंजिनाचा धूरही येऊ शकतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला ना रंग, ना वास. मॅनिफोल्डचं गॅस्केट फुटलं असेल तर थंड इंजिन चालू करताना फटफट किंवा टिकटिक आवाज येतो, जोडाजवळ काजळी दिसते. प्रवासात गाडीतल्या दोघा-तिघांचं एकदमच डोकं दुखायला लागलं, चक्कर आली, मळमळलं, तर ऊन लागलं असं समजून पुढे जाऊ नका. गाडी थांबवा, इंजिन बंद करा, सगळ्यांना मोकळ्या हवेत काढा आणि दवाखान्यात दाखवा. गाडी मिस्त्रीने तपासल्याशिवाय परत चालवू नका.

लग्नसराईत वऱ्हाड जेवेपर्यंत ड्रायव्हर काचा लावून, एसीसाठी इंजिन चालू ठेवून आत झोपतो. यात्रेतही रात्री हेच चालतं. उभ्या गाडीखाली धूर साचतो आणि झोपलेल्याला कळतही नाही. झोपायचं असेल तर इंजिन बंद, काचा उघड्या, नाहीतर बाहेर झाडाखाली सतरंजी.

साडेतीन टनांवरच्या नव्या ट्रकना कारखान्यातूनच एसी केबिन देणं केंद्र सरकारने सक्तीचं केलं आहे. छोटा हत्ती आणि इको या नियमात येत नाहीत.