मासा, अमोनिया आणि तळ्याचे पाणी

उन्हाळ्याच्या अखेरीस पाणी आटत जाते आणि एके दिवशी तळ्यातील मासे पोट वर करून तरंगू लागतात. अशा वेळी पहिली शंका येते ती कोणी तरी पाण्यात विष कालवल्याची. त्या शंकेतून शेजाऱ्याशी बोलणे बंद होते, भावकीत तंटा उभा राहतो. शंका कधी खरीही ठरते. परंतु पुष्कळदा ते विष बाहेरून आलेले नसते. आपण घातलेल्या खाद्यातून माशांच्याच शरीरात ते रोजच्या रोज तयार झालेले असते. त्याचे नाव अमोनिया. वेवजी आणि तलासरी-डहाणूच्या परिसरात तळ्यात अथवा शेततळ्यात रोहू, कटला, मृगळ सोडू पाहणाऱ्या प्रत्येक कुटुंबाशी या विषयाचा संबंध आहे. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने तो थोडक्यात मांडत आहोत.

प्रथिनांच्या वजनात सुमारे १६ टक्के नत्र असते. खाल्लेल्या प्रथिनांपैकी जेवढी शरीर घडविण्यास लागतात तेवढी वापरली जातात. जास्तीची साखर किंवा चरबी शरीर साठवून ठेवू शकते. प्रथिनांची मात्र तशी कोठारे नसतात. उरलेली अमिनो आम्ले ऊर्जेसाठी मोडली जातात आणि त्या वेळी त्यांतील नत्राचा भाग अमोनियाच्या रूपाने सुटा होतो. हे काम मुख्यतः यकृतात चालते. अमोनिया मज्जासंस्थेला घातक असल्यामुळे त्याची विल्हेवाट तातडीने लावावी लागते.

जमिनीवरील प्राण्यांनी त्यावर निरनिराळे उपाय शोधले. माणूस, गाय, शेळी यांचे यकृत अमोनियाचा युरिया बनविते. तो सौम्य असल्याने मूत्राशयात काही तास राहू शकतो. मात्र तो बनविण्यास ऊर्जा खर्च होते. पक्षी आणि पाली यांनी पाणी आणखी वाचविले. त्यांचे नत्र जवळजवळ घट्ट स्वरूपात, यूरिक आम्ल होऊन बाहेर पडते. पालीच्या विष्ठेचे पांढरे टोक म्हणजे तेच. माशाला यांपैकी काहीच करण्याची गरज नाही. त्याच्या सभोवती पाणीच पाणी आहे. बहुतेक हाडयुक्त मासे आपले बरेचसे नत्र अमोनियाच्या रूपातच पाण्यात सोडून देतात. युरियाचा वाटा त्यात थोडा असतो.

हा अमोनिया बाहेर पडतो कोठून? मूत्रावाटे, असे आपल्याला वाटेल. १९२९ साली होमर स्मिथ या अमेरिकी शास्त्रज्ञाने माशाचा पुढचा भाग एका कप्प्यातील पाण्यात आणि मागचा भाग दुसऱ्या कप्प्यातील पाण्यात राहील अशी योजना करून दोन्ही पाणी वेगवेगळे तपासले. तेव्हा मूत्रपिंडांपेक्षा कल्ल्यांतून कितीतरी पटींनी अधिक नत्र बाहेर पडत असल्याचे दिसले. ज्या कल्ल्यांनी मासा प्राणवायू घेतो, त्यांतूनच तो हा टाकाऊ भागही सोडतो. कल्ल्यांचे आवरण अतिशय पातळ असते. रक्तात अमोनिया अधिक आणि बाहेरच्या पाण्यात कमी असला की तो आपोआप बाहेर झिरपतो. त्याला वाट करून देणारी काही प्रथिने कल्ल्यांत असतात. आपला रक्तगट पॉझिटिव्ह की निगेटिव्ह हे ज्या आरएच प्रथिनावरून ठरते, त्याच्याच कुळातील ती आहेत.

या नियमाला अपवादही आहेत आणि ते आपल्या ओळखीचे आहेत. झाई, डहाणूच्या किनाऱ्यावर येणारी मुशी आणि पाकट हे मासे युरिया बनवितात आणि तो बाहेर टाकण्याऐवजी रक्तात व मांसात राखून ठेवतात. समुद्राच्या खारटपणापुढे शरीरातील पाणी टिकविण्यासाठी त्यांना तो उपयोगी पडतो. मुशी शिळी झाली की नाकाला झोंबणारा जो वास येतो, तो जीवाणूंनी या युरियाचा पुन्हा अमोनिया केल्याचा. मागूर आणि शिंगी हे हवेतूनही श्वास घेणारे मासे. पाणी आटले, चिखलात दिवस काढावे लागले, तर तेही युरिया बनवू शकतात. खाडीच्या चिखलात उड्या मारणाऱ्या निवट्यांच्या काही जाती तर ऊर्जा खर्चून अमोनिया जोराने बाहेर ढकलतात. पाण्याचा आधार जेथे कमी पडतो, तेथे माशाला अशी निराळी सोय करावी लागते. रोहू, कटला यांची सगळी भिस्त मात्र भोवतालच्या पाण्यावर असते.

वाहत्या नदीत ही व्यवस्था निर्वेध चालते. प्रश्न उभा राहतो तो बंद पाण्यात. साधा हिशेब करून पाहू. ३० टक्के प्रथिने असलेल्या १ किलो खाद्यात ३०० ग्रॅम प्रथिने, म्हणजे सुमारे ४८ ग्रॅम नत्र असते. त्यातील ढोबळमानाने पाव ते तृतीयांश भाग माशाच्या अंगी लागतो. उरलेले ३२ ते ३६ ग्रॅम नत्र पाण्यात जाते, आणि त्याचा मोठा हिस्सा अमोनिया असतो. रोज १० किलो खाद्य पडत असेल, तर रोज ३०० ग्रॅमहून अधिक नत्र त्याच पाण्यात साठत जाते. न खाल्लेले खाद्य तळाशी कुजले, तर तेही त्यात मिसळते.

पाण्यातील जीवाणू हा भार हलका करतात. एका प्रकारचे जीवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचे नायट्रेट. नायट्राइटही घातक असते. त्याने माशाचे रक्त तपकिरी पडते व प्राणवायू वाहून नेण्यास निकामी होते. नायट्रेट त्या मानाने निरुपद्रवी. परंतु या जीवाणूंनाही प्राणवायू लागतो आणि नव्याने भरलेल्या तळ्यात त्यांची संख्या वाढण्यास काही आठवडे जातात.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो. विद्युतभारित रूप तुलनेने सौम्य. भाररहित रूप कल्ल्यांतून सहज आत शिरते व तेच विषारी. कोणते रूप किती, हे पाण्याच्या सामूवर व तापमानावर ठरते. ३० अंश सेल्सिअसच्या पाण्यात सामू ७ असेल तर एकूण अमोनियापैकी १ टक्क्याहूनही कमी भाग विषारी रूपात असतो. सामू ८ झाला तर सुमारे ७ टक्के, आणि ९ झाला तर जवळजवळ निम्मा. अमोनिया तितकाच, पण सामू बदलला की घात होतो. हिरव्यागार शेवाळलेल्या तळ्यात उन्हाच्या वेळी शेवाळ पाण्यातील कार्बन डायऑक्साइड शोषून घेते, त्यामुळे दुपारनंतर सामू चढतो. म्हणून मासे पहाटे वर येऊन हवा गिळत असतील तर बहुधा प्राणवायूची कमतरता समजावी. भर दुपारी किंवा सायंकाळी तडफडत असतील तर अमोनियाचा संशय घ्यावा. पाण्यातील किडे आणि कोळंबीही एकाच वेळी मेली असतील, तर मात्र कीटकनाशकाची शंका रास्त ठरते.

याच कारणामुळे मासे मरू लागताच घाईने पाण्यात कळीचा चुना टाकणे धोक्याचे आहे. चुन्याने सामू एकदम चढतो आणि साठलेला अमोनिया विषारी रूपात येतो. चुना द्यायचा तो मासे सोडण्यापूर्वी, तळ्याच्या तयारीत. ताजे शेणही अशा वेळी टाकू नये. ते कुजताना प्राणवायू खाते. तेव्हा करायचे ते इतकेच: खाद्य लगेच बंद करावे, शक्य असेल तितके जुने पाणी काढून नवे सोडावे, पाणी उंचावरून पाडून हवा मिसळू द्यावी. काढलेले पाणी वाया जात नाही. त्यातील नत्र भाजीच्या वाफ्याला किंवा चिकूच्या झाडाला खत म्हणून चालते.

राज्यात २०१६ पासून ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आल्यानंतर अनेक शेतांत पाणी साठले, आणि पाणी दिसले की मासे सोडण्याचा विचार मनात येतोच. तो चांगलाच आहे. मात्र नदी जे काम विनामोबदला करीत असे, ते काम तळ्याच्या मालकाने आपल्या अंगावर घेतलेले असते, याचे भान हवे. किती खाद्य टाकले याची वही ठेवणे, शोभेचे मासे विकणाऱ्या दुकानात मिळणाऱ्या साध्या संचाने अमोनिया व सामू तपासणे, ही कामे दहावीपर्यंत विज्ञान शिकलेला कोणीही मुलगा वा मुलगी करू शकेल. आपले माजी विद्यार्थी गावोगावी आहेत. त्यांनी आपल्या वाडीतील एका तळ्याचे पाणी तपासून द्यावे, अशी आमची विनंती आहे. त्यातून एखाद्या कुटुंबाचे वर्षाचे उत्पन्न वाचेल, आणि एखाद्या निरपराध शेजाऱ्यावर आलेला आळही टळेल.