सिमेंटची पाण्याची टाकी: बांधताना, वापरताना आणि बंद करताना



परवा शिवारफेरीत एक जुनी टाकी पाहिली. शेततळं झाल्यापासून तिचा वापर नाही. झाकण गेलेलं, कडेनं गवत, आत छातीएवढं गढूळ पाणी आणि पलीकडे पोरं खेळतायत. मालक म्हणाले, "मॅडम, ती टाकी तर बंदच आहे." वापर थांबला म्हणजे टाकी बंद झाली असं नाही. म्हणून आजचा मेसेज जरा मोठा आहे, शेवटपर्यंत वाचा.

*१) बांधताना*
▪️ १० × १० × ५ फुटांच्या टाकीत साधारण १४ हजार लिटर पाणी बसतं, म्हणजे १४ टन वजन. काळी माती भिजली की फुगते, सुकली की भेगाळते. तिच्यावर टाकी बांधली तर तळ तडकतो. माती काढून कठीण मुरमापर्यंत जा.
▪️ सळई आणि भिंतीची जाडी इंजिनिअरकडून काढून घ्या. शेजाऱ्याच्या टाकीची नक्कल नको.
▪️ काँक्रीट पातळ करू देऊ नका. जादा पाणी उडून गेलं की बारीक छिद्रं राहतात, टाकी तिथूनच पाझरते. ५० किलोच्या गोणीला २२-२३ लिटरच्या वर पाणी नको. वाळू ओली असेल तर आणखी कमी.
▪️ किमान १४ दिवस, उन्हाळ्यात २१ दिवस गोणपाट लावून भिंती सतत ओल्या ठेवा. सकाळ-संध्याकाळ पाणी मारून भागत नाही, दुपारी सुकते.

*२) गळती तपासताना*
टाकी हळूहळू भरा आणि ७ दिवस तशीच ठेवा, कारण नवीन काँक्रीट आधी पाणी पितं. मग पातळीवर खूण करा. शेजारी पाण्यानं भरलेली बादली ठेवून तिच्यावरही खूण करा. पुढच्या ७ दिवसांत बादलीपेक्षा टाकीचं पाणी बरंच जास्त उतरलं तर गळती आहे. ही तपासणी झाल्याशिवाय बाहेरून माती लोटू नका.

*३) वापरताना*
▪️ वर्षातून एकदा गाळ काढा. सळईचा गंज दिसला की लगेच दुरुस्ती करा. गंज फुगतो आणि काँक्रीट फोडतो.
▪️ जमिनीखालची टाकी भर पावसाळ्यात पूर्ण रिकामी करू नका. भोवतीच्या पाण्याच्या दाबानं ती वर उचलली जाऊ शकते.
▪️ ⚠️ बरेच दिवस झाकलेल्या टाकीत थेट उतरू नका. आत प्राणवायू कमी असू शकतो आणि ते वासावरून कळत नाही. पेट्रोल-डिझेलचा पंप आत उतरवू नका, त्याचा धूर जीव घेतो. जमेल तेवढी सफाई बाहेरूनच करा.
▪️ ⚠️ आत कुणी कोसळलं तर मागोमाग उडी मारू नका. वाचवायला गेलेलाही तिथेच पडतो. आरडाओरडा करून माणसं जमवा, बाहेरून हवा सोडा, ११२ किंवा १०८ ला फोन लावा.

*४) कायमची बंद करताना*
▪️ आधी मोटारीचं वीज कनेक्शन तोडा, मग पाइप काढा.
▪️ पाणी उपसा. टाकीत फवारणीचं औषध कालवलं असेल तर ते पाणी विहिरीत, ओढ्यात सोडू नका. आधी आम्हाला विचारा.
▪️ स्लॅब जेसीबीनं बाहेरून फोडा. वर कुणी उभं राहू नये.
▪️ तळाला भोकं पाडा. नुसती माती भरली तर पावसाचं पाणी आत अडकतं, चिखल होतो आणि वरून चालणारं जनावर रुततं.
▪️ मुरूम थराथरानं भरून दाबा, वर माती टाका. औषधाच्या बाटल्या, कचरा आत नको.

हे काम लगेच जमणार नसेल तर निदान आज पक्कं झाकण बसवा आणि भोवती काटेरी कुंपण घाला. पत्रा किंवा फळी टाकणं म्हणजे झाकण नाही, पोरगं त्यावर पाय देतंच.

तुमच्या शेतात अशी टाकी असेल तर तिचा फोटो याच नंबरवर पाठवा. पाऊस सुरू होण्याआधी येऊन बघते.

– तुमची कृषी सल्लागार