पांढरीची माती

शेताला आपण काळी म्हणतो आणि गावठाणाला पांढरी. काळीत पीक येते, पांढरीत माणसे राहतात. पांढरीत भिंती पडतात, चुलीची राख पडते, सारवणावर सारवण चढते. शेकडो वर्षे असे चालले की जमीन उंच होते. तिचे टेकाड बनते. नदीकाठच्या पुष्कळ गावांना असे टेकाड असते. पोरे तिथे खापऱ्या वेचतात. शेतकरी तिथली माती गाडीत भरून शेतात टाकतो, कारण ती पिकाला मानवते.

पण ही नुसती माती नव्हे. ती वाचता येते. कशी, ते आता पाहू.

खालचे जुने, वरचे नवे

कणगीत आधी ओतलेले धान्य तळाशी असते, मागून ओतलेले वर. जमिनीचेही तसेच. खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा. खणणारा मात्र वरून खाली जातो. म्हणजे त्याला गोष्ट शेवटापासून वाचावी लागते.

खणताना दोऱ्या लावून चौकोन आखतात. दोन चौकोनांमध्ये मातीचा पट्टा न खणता राखतात. खड्ड्याच्या बाजू ओळंब्यात सरळ ठेवतात आणि करणीने तासतात. माती सुकून रंग फिके झाले तर पाणी शिंपडतात. मग राखेचा करडा पट्टा, जळक्या मातीचा तांबडा पट्टा, पुराच्या गाळाचा पट्टा असे वेगवेगळे दिसू लागतात. प्रत्येक थराला नंबर देऊन चिठ्ठी टोचतात. प्रत्येक थरातल्या खापऱ्या वेगळ्या पिशवीत भरतात. मग टेपाने मोजून सगळे थर कागदावर काढतात आणि फोटो घेतात.

इतका खटाटोप कशाला? कारण थर एकदा खणला की तो पुन्हा रचता येत नाही. वाचलेले पान लगेच फाडून टाकायचे, असे हे पुस्तक आहे. आधी उतरवून घेतले नाही, तर गेले ते गेले!

फसगत कशी होते?

समजा, आजोबांनी धान्यासाठी पेव खणले. ते चार हात खाली, जुन्या थरांत गेले. पुढे पेव बुजले. बुजताना त्यात कुणाचा तरी पैसा पडला. आता तो पैसा जुन्या थरांच्या शेजारी सापडेल. म्हणून तो तितका जुना झाला का? नाही. पेव कोणत्या थरापासून खाली उतरले, ते आधी पाहायचे. जे थर पेवाने कापले, त्यांच्यापेक्षा पेव नवे. घुशीची बिळेही अशीच फसवतात.

आजीची नथ नातसुनेच्या घरी सापडते, तशी जुनी वस्तू नव्या थरात येऊ शकते. पण न हललेल्या थरात १९५० चा पैसा निघाला, तर तो थर १९५० च्या आधीचा असूच शकत नाही.

इनामगावची गोष्ट

पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तिथे १९६८ ते १९८३ या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजने उत्खनन केले. डॉ. सांकलिया, डॉ. अन्सारी आणि डॉ. ढवळीकर ही त्यातली जाणती मंडळी.

तळाशी सुमारे ३६०० वर्षांपूर्वीची वस्ती लागली. तिथे आणि मधल्या थरांत ऐसपैस चौकोनी घरे होती. लोक जव पिकवत. मधल्या काळात त्यांनी पाण्यासाठी पाटही खणला. वरच्या थरांत मात्र लहान गोल झोपड्या दिसल्या. सुमारे २७०० वर्षांपूर्वी गाव उठले.

घरांच्या जमिनीखाली मडक्यांत पुरलेली लहान मुलेही सापडली. मडक्याचा खड्डा कोणत्या जमिनीतून खणला, हे थर पाहून कळते. म्हणून ते लेकरू कोणत्या काळातले, हे सांगता येते. तीन हजार वर्षांपूर्वीच्या आईबापांचे दुःख आपल्याला कळते, ते या मातीमुळे.

घरे लहान का झाली? पाऊस कमी झाला, शेती बुडाली, असा अर्थ ढवळीकरांनी लावला. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. गोल झोपडी दिसली, ही नोंद. पाऊस कमी झाला, हा अर्थ. अर्थ उद्या बदलेल. पण नोंद चोख असेल तरच तो कुणाला तपासता येईल.

आपण काय करावे?

टेकाडाची माती गाडीत भरली की सगळे थर एक होतात. वस्तू उचलून घरी आणली, तर वस्तू राहते, पण तिची जागा जाते. मग ती मुकी होते. म्हणून विहीर किंवा पाया खणताना जुनी भिंत, हाडे, मडकी लागली, तर हात थांबवावा. वस्तू तिथेच राहू द्यावी. ग्रामपंचायतीला आणि तहसीलदारांना कळवावे.

खत दुसरीकडेही मिळेल. आपल्या वाडवडिलांच्या गोष्टीची पाने दुसरीकडे मिळणार नाहीत.