चेहरा तोच, माणूस तोच का?

प्रसिद्ध व्यक्तीची हुबेहूब नक्कल दोन कारणांनी समोर येते. कधी एखादा भामटा मेलेल्या किंवा हरवलेल्या माणसाचे नाव सांगत हक्क मागायला येतो, तर कधी सत्ताधारीच शत्रूला चकवण्यासाठी आपल्यासारखा दिसणारा माणूस पुढे करतात.

पहिल्या प्रकारचे उदाहरण मराठी वाचकाला परके नाही. १४ जानेवारी १७६१ रोजी सदाशिवरावभाऊ पानिपतावर पडले, पण ते गेले यावर अनेकांचा विश्वास बसला नाही. पत्नी पार्वतीबाईंनी वैधव्य स्वीकारलेच नाही. या संशयाचा फायदा घेऊन उत्तरेकडचा सुखनिदान नावाचा ब्राह्मण भाऊ म्हणून वावरू लागला. माधवराव पेशव्यांच्या कारकिर्दीत चौकशी होऊन तो कैदेत गेला. तरीही १७७६ मध्ये रत्नागिरीच्या कैदेतून बाहेर पडताच कोकणातले किल्ले आणि हजारो माणसे त्याच्या बाजूला गेली. अखेर तो पकडला गेला आणि पुण्यात त्याला देहांत शासन झाले. त्या काळी ओळख पटवण्याची साधने तीनच होती: जवळच्यांची साक्ष, अंगावरच्या खुणा आणि घरच्या गोष्टींची आठवण. तिन्ही कमकुवत आहेत. साक्षीदाराची नजर आशेने किंवा स्वार्थाने फिरते, आणि आठवणी पढवून घेता येतात.

दुसऱ्या प्रकारात नक्कल करणाऱ्याला तयार करण्यामागे सरकारी यंत्रणा असते. १९४४ च्या मे महिन्यात, नॉर्मंडीवरील हल्ल्याच्या तोंडावर, ब्रिटिशांनी एम. ई. क्लिफ्टन जेम्स या नटाला जनरल माँटगोमेरी म्हणून जिब्राल्टर आणि अल्जियर्सला पाठवले. जेम्स तेव्हा लष्कराच्या वेतन विभागात लेफ्टनंट होता. त्याला माँटगोमेरीच्या जवळ ठेवून चालणे, बोलणे, लकबी टिपायला लावले होते. अडचण निघाली ती बोटाची. पहिल्या महायुद्धात जेम्सच्या उजव्या हाताचे मधले बोट गेले होते, म्हणून कृत्रिम बोट बसवावे लागले. शिवाय माँटगोमेरी दारू आणि सिगारेट दोन्हींपासून दूर, तर जेम्सला दोन्हींची सवय. चेहऱ्याने काम भागते, पण पकडले जाण्याचा धोका चेहऱ्याबाहेरच्या गोष्टींत असतो, हे त्या तयारीवरून दिसते.

छायाचित्र आल्यावर शोधाचे केंद्र चेहऱ्याच्या मोजमापाकडे सरकले. पॅरिस पोलिसांतील अल्फोन्स बर्तियाँ याने १८८० च्या दशकात गुन्हेगारांची शरीरमापे नोंदवण्याची पद्धत आणली. समोरून आणि बाजूने असे दोन फोटो काढण्याची रीतही त्यानेच रूढ केली. बाजूच्या फोटोत कान स्पष्ट दिसतो, आणि ओळखीसाठी कानाला तो फार महत्त्व देत असे. वजन, केस, दाढी, दात बदलले तरी कानाच्या कडेची वळी, आतला खोलगट भाग, पाळी गालाला चिकटलेली की सुटी, ही ठेवण फारशी बदलत नाही. वयानुसार कान लांबतो, हे मात्र ध्यानात ठेवावे लागते.

यातूनच फसगतही होते. अगदी जवळून काढलेल्या फोटोत नाक मोठे दिसते आणि कान मागे सरकतात; लांबून काढला तर चेहरा सपाट होतो. मान थोडी कलली की पाळीचा आकारच वेगळा भासतो. प्रसिद्ध माणसाचे दोन फोटो शेजारी ठेवून ‘हा दुसराच आहे’ असा दावा करणाऱ्यांपैकी बरेच जण केवळ हा फरक पाहत असतात. २००२ मध्ये जर्मनीत दूरचित्रवाणीवर एका न्यायवैद्यक तज्ज्ञाने शेकडो छायाचित्रे मोजून सद्दाम हुसेनचे किमान तीन डुप्लिकेट असल्याचे सांगितले होते. पण डिसेंबर २००३ मध्ये तिक्रितजवळ सापडलेला माणूस सद्दामच आहे, ही खात्री फोटोंच्या मापांवर सोडली गेली नाही. ती डीएनए तपासणीने झाली.

संगणकही इथे पूर्ण भरवशाचा नाही. चेहरा ओळखणारी प्रणाली चेहऱ्याचे आकड्यांत रूपांतर करून दोन चेहऱ्यांमधले अंतर मोजते. एकसारखी जुळी भावंडे तिला नीट वेगळी करता येत नाहीत. बार्सिलोनातील मानेल एस्तेलेर यांच्या गटाने २०२२ मध्ये नात्याने परक्या पण चेहऱ्याने सारख्या अशा ३२ जोड्या तीन प्रणालींना दाखवल्या. त्यांपैकी १६ जोड्यांना तिन्ही प्रणालींनी सारखे ठरवले. या सारख्या दिसणाऱ्यांत काही जनुकीय साम्यही आढळले. म्हणजे परका माणूस हुबेहूब दिसणे हा निव्वळ दृष्टिभ्रम नसतो, आणि म्हणूनच चेहऱ्याचे साम्य हा ओळखीचा पुरावा मानता येत नाही.

अंगावरची खूण नसणे हाही पुरावा किती फसवा असतो, याचे सर्वांत बोलके प्रकरण रुडॉल्फ हेसचे आहे. हिटलरचा हा उपप्रमुख १० मे १९४१ रोजी एकटाच विमान घेऊन स्कॉटलंडला गेला आणि पॅराशूटने उतरला. न्यूरेंबर्गला त्याला जन्मठेप झाली आणि तो बर्लिनच्या श्पांडाऊ तुरुंगात ‘कैदी क्रमांक ७’ झाला. १९६९ पर्यंत त्याने पत्नी आणि मुलाला भेटण्यास नकार दिला, त्यामुळे कुजबुज वाढली. तुरुंगात त्याला तपासलेले ब्रिटिश शल्यविशारद ह्यू थॉमस यांनी १९७९ मध्ये पुस्तक लिहून हा कैदी हेस नव्हे असे मांडले. पहिल्या महायुद्धात हेसच्या छातीत गोळी लागली होती, आणि तिचा व्रण त्यांना दिसला नव्हता. पण छोट्या जखमेचा व्रण अनेक दशकांत पुसट होतो, एका तपासणीत नजरेतून सुटूही शकतो. १७ ऑगस्ट १९८७ रोजी कैदी मेला, तुरुंग पाडला गेला, आणि २०११ मध्ये कबरही रिकामी करून अस्थी जाळल्या गेल्या. ताडून पाहायला काही उरले नाही असे वाटत होते.

उरली होती ती रक्ताची एक काचपट्टी. १९८२ मध्ये नेहमीच्या तपासणीसाठी घेतलेले ते रक्त अमेरिकेतील लष्करी रुग्णालयात शिकवण्यासाठी जपले गेले होते. त्यातून मिळालेल्या वाय गुणसूत्राची तुलना हेस घराण्यातील एका जिवंत पुरुषाशी केली गेली. हे गुणसूत्र वडिलांकडून मुलाकडे जवळपास जसेच्या तसे जाते, आणि त्यावर ठरावीक ठिकाणी छोटे तुकडे किती वेळा पुनरावृत्त होतात याची संख्या मोजता येते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार दोघांच्या संख्या जुळल्या आणि कैदी हेसच असण्याची शक्यता ९९.९९ टक्के ठरली. वाय गुणसूत्र घराणे दाखवते, व्यक्ती नव्हे. एकाच पुरुषवंशातले सर्व जण त्यात सारखेच दिसतात. म्हणून कैदी तोतया असता, तर तो हेसच्याच वंशातला पुरुष असावा लागला असता.